बंद दुकानांचा नाताळ

ऑस्ट्रियात 24 डिसेंबरला दुपारी दोन वाजता दुकानं बंद होतात. रिवाज आहे तसा कायदाही आहे. फुलं आणि मिठाई विकणाऱ्यांना थोडी जास्त मुभा मिळते, आणि नाताळची झाडं विकणाऱ्यांना रात्री आठपर्यंत, कारण झाड विसरून घरी गेलेल्या बापाची अडचण कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावी. 25 आणि 26 तारखेला सार्वजनिक सुट्टी असते आणि रविवारी तर बाजार एरवीही बंदच असतो. 2026 साली 25 तारखेला शुक्रवार आहे, म्हणजे गुरुवारी दुपारी मिटलेली दारं थेट सोमवारी सकाळी उघडतील. सीमेपलीकडे जर्मनीतही थोड्याफार फरकानं हेच चित्र असतं. मोठ्या शहरात याचा फारसा त्रास होत नाही. तिथे हॉटेलं चालू असतात, रेल्वे स्थानकातली काही दुकानं उघडी असतात. पाच-सहा हजार वस्तीच्या गावात मात्र प्रवासी रस्त्यावर उभा राहतो आणि सगळीकडे खिडक्यांमागे दिवे दिसत असले तरी एकही दार त्याच्यासाठी उघडं नसतं. म्हणूनच प्रवासी कंपन्या आणि हौशी सल्लागार एकच गोष्ट सांगतात: नाताळात युरोपला जायचं तर शहरात राहा, लहान गाव दिवसभरात बघून या.

हा सल्ला सोयीचा आहे, पण तो पाळणाऱ्याच्या वाट्याला बहुधा नाताळचा बाजार येतो आणि नाताळ निसटतो. या दोन गोष्टींचं वेळापत्रकच वेगळं आहे. बाजाराचा हंगाम नाताळाआधीच्या चार रविवारांचा. लाकडी टपऱ्या, मसाल्याची गरम वाइन, भाजलेले चेस्टनट, मेणबत्त्या हा सगळा त्या आगमनकाळाचा सरंजाम. न्यूरेंबर्गचा जगप्रसिद्ध बाजार 24 डिसेंबरला उठतो. साल्झबुर्गसारखी काही शहरं टपऱ्या 1 जानेवारीपर्यंत ठेवतात, पण ती पाहुण्यांसाठीची सोय म्हणायची. सण सुरू होतो तो 24 च्या संध्याकाळी, बाजार संपल्यावर, आणि चालतो 6 जानेवारीपर्यंत. आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक 20 ला उतरतात, 26 ला परततात आणि ऐन सणाचे दोन दिवस 'सगळं बंद होतं' म्हणून कुरकुरत काढतात. माझं म्हणणं उलट आहे. जे बंद असतं ते विकाऊ असतं. उरतं ते चर्च, दफनभूमी, नदीकाठ, पूल आणि रस्ता. ते सगळ्यांचं असतं, फुकट असतं, आणि लहान गावात सणाचा जो भाग परक्या माणसाला पाहता येतो तो नेमका तिथेच घडतो.

हे तपासून बघायला ओबर्नडॉर्फसारखं दुसरं गाव नाही. साल्झबुर्गपासून लोकल गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर, साल्झाख नदीच्या वळणावर वसलेलं हे गाव आज जगाला एकाच गाण्यासाठी माहीत आहे. इंग्रजीत 'सायलेंट नाइट' म्हणून पोहोचलेलं, तीनशेहून अधिक भाषांत गायलं जाणारं हे गीत 24 डिसेंबर 1818 च्या रात्री इथल्या संत निकोलसच्या चर्चमध्ये पहिल्यांदा म्हटलं गेलं. आपल्याकडे पेशवाई बुडाली ते साल. वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या चर्चमध्ये डिसेंबरात ही चाल ऐकायला मिळते, पण ती ज्या गावातून निघाली त्याची तेव्हाची अवस्था फारशी कुणाला ठाऊक नसते, आणि त्या अवस्थेशिवाय ते गाणं समजत नाही.

ओबर्नडॉर्फ मुळात स्वतंत्र गाव नव्हतंच. नदीच्या पलीकडच्या तीरावरच्या लाउफेन या जुन्या शहराचं ते उपनगर. दोन्ही तीरांचं पोट एकाच धंद्यावर चालायचं: वरच्या अंगाला हालाइनजवळच्या डोंगरातून निघणारं मीठ नावांतून खाली नेणं. लाउफेनच्या वळणावर पाण्यातले खडक आणि खळाळ असे की नावा जपून उतरवाव्या लागत, माल हलवावा लागत असे, आणि त्यावर नावाड्यांच्या पिढ्या जगल्या. हिवाळ्यात नदी बंद, काम बंद. तेव्हा हेच नावाडी नाटकं बसवून गावोगाव फिरत. नेपोलियनच्या युद्धांनी हा धंदा मोडला. पुढे 1816 च्या तहात साल्झबुर्गचा मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला, नदीच सरहद्द ठरली, आणि एका शहराचे दोन देशांत दोन तुकडे झाले. मुख्य चर्च, बाजारपेठ बव्हेरियात राहिली. नावाड्यांची वस्ती ऑस्ट्रियात. त्यातच आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्याच्या राखेनं 1816 चा उन्हाळा युरोपात उगवलाच नाही. पिकं गेली, धान्य महागलं. अशा नव्यानं तोडलेल्या, बेकार झालेल्या वस्तीत 1817 साली योझेफ मोर हे सहायक धर्मगुरू म्हणून आले.

मोर यांचं स्वतःचं आयुष्यही सुखवस्तू नव्हतं. 1792 मध्ये साल्झबुर्गमध्ये अविवाहित आईच्या पोटी जन्म, वडील सैन्यातून पळालेले, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता म्हणून नाव शहराच्या जल्लादाचं, कारण अशा मुलासाठी दुसरं कोण उभं राहणार. आवाज चांगला म्हणून शिक्षण मिळालं. गीताचे शब्द त्यांनी 1816 मध्येच, मारियाफार या डोंगरातल्या गावी असताना लिहिले होते. दोन वर्षांनी ते त्यांनी शेजारच्या आर्न्सडॉर्फच्या शाळामास्तरांना, फ्रान्झ झावर ग्रुबर यांना दिले. ग्रुबर यांनी दोन आवाज आणि गिटार यांच्यासाठी चाल बांधली आणि 24 डिसेंबरच्या त्या रात्री दोघांनी मिळून ते म्हटलं. चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावं लागलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिला पुरावा नाही. ग्रुबर यांनी 1854 मध्ये गाण्याच्या जन्माची हकिगत स्वतः लिहून ठेवली, तीत उंदीर नाहीत. पर्यटनाच्या पुस्तिकांना उंदीर सोडवत नाहीत, एवढंच.

गाणं बाहेर गेलं तेही गावगाड्याच्या वाटेनं. ऑर्गन दुरुस्त करणारे कार्ल माउराखर यांनी त्याची प्रत टायरॉलच्या झिलरटाल खोऱ्यात नेली. तिथून हातमोजे विकत जत्रा-बाजार फिरणारं श्ट्रासर कुटुंब ते लाइपझिगला घेऊन गेलं, रायनर या गायक कुटुंबानं 1839 मध्ये न्यूयॉर्कला म्हटलं. मधल्या काळात कर्त्यांची नावं गळून पडली. ते टायरॉलचं लोकगीत म्हणून छापलं गेलं, आणि काहींना तर ते संगीतकार मिखाएल हायडनचं वाटू लागलं. 1854 मध्ये बर्लिनच्या राजदरबारातल्या संगीतकारांनी साल्झबुर्गला चौकशी केली, तेव्हा ग्रुबर यांना खुलासा लिहावा लागला. मोर तेव्हा हयात नव्हते; 1848 मध्ये वाग्राइनला त्यांचा मृत्यू झाला होता, मागे संपत्ती काही नव्हती. त्यांच्या हातची गाण्याची प्रत 1995 मध्ये सापडली, तिच्यावर 1816 हे साल होतं, आणि शब्द नेमके कधीचे ते तेव्हा कुठे स्पष्ट झालं.

एवढा इतिहास सांगण्याचं कारण असं की प्रवासी ओबर्नडॉर्फला जे बघायला जातो ते तिथे नाही. 19व्या शतकाच्या अखेरीस साल्झाखच्या पुरांनी, विशेषतः 1897 आणि 1899 च्या, जुनी वस्ती इतकी झोडपली की गावच नदीच्या वरच्या अंगाला हलवण्यात आलं. संत निकोलसचं चर्च पाडलं गेलं. आज तिथे उंचवट्यावर जे अष्टकोनी, पांढरं, मोजकी माणसं मावतील एवढं कपेल दिसतं ते स्मारक आहे. 1924 मध्ये बांधायला घेतलं, 1937 मध्ये त्याचा अभिषेक झाला. आगमनकाळात शेजारी खास टपाल कचेरी उघडते, शिक्का मारलेली पत्रं जगभर जातात. दरवर्षी 24 डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजता कपेलसमोर स्मरणसोहळा होतो, हजारो लोक जमतात, अनेक भाषांत गाणं होतं. माझं मत विचाराल तर त्या तासासाठी एवढ्या लांब जाऊ नये. तो गावानं पाहुण्यांसाठी केलेला प्रयोग आहे, चांगला आहे, पण प्रयोगच. कपेल 27 तारखेला शांतपणे बघता येतं. खरी गंमत सहानंतर सुरू होते, जेव्हा बसगाड्या साल्झबुर्गकडे परत फिरतात आणि गाव गावाला परत मिळतं.

मग काय उरतं? घरांच्या आत जे चालतं ते आपल्याला दिसणार नाही, हे आधी मान्य करू. तिथे मोठ्या खोलीचं दार दिवसभर बंद ठेवलेलं असतं. अंधार पडल्यावर छोटी घंटा वाजते, दार उघडतं, झाडावरचे दिवे लागलेले असतात आणि मुलांना सांगितलं जातं की भेटी बाळ ख्रिस्तानं ठेवल्या. लाल कपड्यांतला सांताक्लॉज या भागात उपराच. रात्रीचं जेवण साधं असतं, कित्येक घरांत शेवयांचं सूप आणि त्यात सॉसेज; मेजवानी दुसऱ्या दिवशीची. काही शेतकरी घरांत कुटुंबातली माणसं धुपाटणं घेऊन खोल्या आणि गोठा फिरून येतात. हा सगळा भाग कुटुंबाचा आहे आणि तो तसाच राहावा. परंतु त्याच संध्याकाळी हीच कुटुंबं घराबाहेरही येतात. अंधार पडायच्या सुमारास दफनभूमीत जातात, कारण सणाच्या दिवशी घरातल्या गेलेल्यांना वगळायचं नसतं. थडग्यांवर लाल काचेतल्या मेणबत्त्या लागतात, काहींवर हातभर उंचीची सजवलेली झाडं असतात. ग्रुबर यांची कबर हालाइनमध्ये त्यांच्या घरासमोरच आहे, तिच्यावरही झाड असतं. त्या भागातल्या अनेक गावांत चर्चच्या मनोऱ्यावरून पितळी वाद्यं वाजवतात, चार-सहा वादक, आणि खाली लोक टोप्या कानावर ओढून ऐकत उभे असतात. जवळच, सीमेपलीकडच्या बेर्खटेसगाडेन परिसरात मध्यरात्रीच्या उपासनेआधी तिथली पारंपरिक मंडळं हातबंदुकांचे बार काढतात, ते डोंगरांतून घुमत राहतात. आणि मग ती उपासना. खूप ठिकाणी ती आता दहा-अकरालाच होते, लहान मुलांसाठी दुपारीही एक असते. चर्चचं दार कुणालाही उघडं असतं. शेवटी वीज मालवतात, मेणबत्त्यांच्या उजेडात ते गाणं होतं. गावातला खाटीक, बँकेतली बाई, बसचालक असे सगळे एका सुरात, एका वेळी. संध्याकाळच्या सोहळ्यात ध्वनिक्षेपकांमुळे जे हरवतं ते इथे मिळतं.

हे समजून घ्यायला कोकणातल्या गणपतीची आठवण पुरे आहे. ज्या परदेशी माणसानं मुंबईतले मंडप पाहिले त्यानं उत्सव पाहिला, यात शंका नाही. पण जो चतुर्थीच्या दिवशी एखाद्या वाडीवर गेला त्याला दुकान बंद, हॉटेल बंद, एसटी भरलेली असंच दिसेल, आणि संध्याकाळी घराघरातून आरतीचा आवाज येईल. कोणता माणूस गणपतीच्या जास्त जवळ गेला, याचं उत्तर कोकणातल्या माणसाला विचारावं लागत नाही. उत्सव सार्वजनिक झाला म्हणून घरातला सण संपला नाही. तो फक्त पाहुण्याच्या वाटेवरून बाजूला झाला.

यावर पहिला आक्षेप असा की परक्या माणसानं दुसऱ्याच्या घरगुती सणात घुसावंच का. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला त्याच भागातलं एक उदाहरणही आहे. हालश्टाट हे सरोवराकाठचं गाव, वस्ती आठशेच्याही आत. भर हंगामात एका दिवसात दहा हजारांपर्यंत माणसं येतात. चीनमध्ये त्याची हुबेहूब नक्कल बांधली गेली, इतका त्या गावाचा चेहरा विकला गेला. ऑगस्ट 2023 मध्ये गावकऱ्यांनी बोगद्यासमोर रस्ता अडवून निदर्शनं केली. पण हालश्टाटचा जाच कोणाचा आहे ते नीट पाहा. दोन तासांसाठी येणारा, फोटो काढणारा, रात्री शहरात झोपणारा हा तो पाहुणा आहे. म्हणजे 'शहरात राहा, गाव बघून या' हा सल्ला तंतोतंत पाळणारा. चार रात्री राहणारा माणूस वेगळा पडतो. तो गावातल्याच खानावळीला भाडं देतो, 23 तारखेला गावातल्याच बेकरीत पाव घेतो, तिसऱ्या दिवशी लोक त्याला मान हलवून ओळख देतात. त्याची संख्याही गावातल्या खोल्यांइतकीच असू शकते, त्याहून जास्त नाही. अर्थात त्यानं मर्यादा पाळायला हवी. उपासनेत फोन बाहेर काढायचा नाही. प्रसादाच्या वेळी, आपण कॅथलिक नसू तर, जागेवर बसून राहायचं. कुणी वाईट मानत नाही. दफनभूमीत थडग्यांमधून माणसं उभी असताना कॅमेरा लावणं हे कुठल्याही धर्मात असभ्यच.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूचा: ख्रिस्ती नसलेल्या माणसाला त्या रात्रीत काय मिळणार, आणि त्यापेक्षा आपला गोवा काय वाईट? दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. गोवा मुळीच वाईट नाही. किंबहुना माझा मुद्दा तिथेही तसाच लागू पडतो. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर डिसेंबरचा शेवटचा आठवडा काढणाऱ्याला नाताळ भेटत नाही, आणि सासष्टीतल्या एखाद्या गावात मध्यरात्रीच्या मिसेला चर्चच्या पटांगणात उभं राहणाऱ्याला भेटतो. वसईच्या गावांतही तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे शेजारी बाहेरच्याला सहज आत बोलावतो, ताटलीत नेवऱ्या आणि दोदोल ठेवतो; आल्प्सच्या पायथ्याला अनोळखी माणसाला कुणी त्या रात्री घरात बोलावत नाही. ज्याला ती ऊब हवी त्यानं सासष्टीला किंवा वसईला जावं, हे मी मनापासून म्हणेन. पहिल्या भागाचं उत्तर इतिहास देतो. व्हिएन्नात सजवलेल्या नाताळच्या झाडाच्या ज्या अगदी सुरुवातीच्या नोंदी आहेत त्यातली एक 1814 ची आहे, आणि ते झाड बर्लिनहून आलेल्या फानी फॉन आर्नश्टाइन या ज्यू बाईंच्या घरी होतं. पोलिसांच्या खबऱ्यानं त्याची नोंद केली म्हणून आपल्याला ते माहीत. आज ज्याला आपण प्राचीन ख्रिस्ती परंपरा समजतो तिचा बराचसा भाग 19व्या शतकातल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात घडला, आणि त्यात धर्माबाहेरच्या माणसांचेही हात लागले. श्रद्धा नसली तरी सण पाहण्याचा हक्क जात नाही, फक्त नम्रता वाढवावी लागते.

तिसरा आक्षेप एकटेपणाचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. जर्मनी-ऑस्ट्रियात शिकणारी हजारो भारतीय मुलं आहेत, त्यात मराठीही पुष्कळ; वसतिगृहं रिकामी होतात, सहकारी आपापल्या गावी जातात, आणि 24 ची संध्याकाळ या मुलांना वर्षातली सगळ्यात लांब वाटते. लहान गावात तर ती आणखी लांब. सूर्य सव्वाचारच्या पुढे मावळतो, दिवस जेमतेम साडेआठ तासांचा, तापमान शून्याच्या आसपास. आणि बर्फाचं काही खरं नाही: ओबर्नडॉर्फ समुद्रसपाटीपासून चारशे मीटरवर, तिथे पांढऱ्या नाताळपेक्षा चिखल आणि धुकं मिळण्याची शक्यताच जास्त. ज्याला आधीच घरची ओढ लागली आहे त्यानं एकट्यानं हा प्रयोग करू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. दोघंतिघं मिळून जावं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, कारण शाकाहारी माणसाला त्या दोन दिवसांत गावात शिजवलेलं अन्न मिळेल याची खात्री नाही. तांदूळ, डाळ, तिखट सोबत असलं की निम्मी चिंता मिटते. बस सुट्टीच्या वेळापत्रकानं धावते, 24 च्या रात्री तर फारच विरळ, त्यामुळे चालत जाता येईल असं चर्च आणि चालत परतता येईल अशी खोली यांच्यातलं अंतर नकाशावर आधीच मोजून ठेवावं. औषधाचं दुकान पाळीपाळीनं एखादं उघडं असतं, त्याचा पत्ता बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो.

पण 25 ची सकाळ उजाडली की हिशेब फिरतो. मोकळ्या रस्त्यावर लोक चालायला निघतात, कारण जेवण जड झालेलं असतं आणि दुसरं करण्यासारखं काही नसतं. ओबर्नडॉर्फहून लाउफेनला जाणारा 1903 चा लोखंडी पूल चालत ओलांडला की देश बदलतो. पुलाच्या दोन टोकांना दोन देशांची चिन्हं आहेत, माणसं मात्र एकाच बोलीत शुभेच्छा देत इकडून तिकडे जात असतात, आणि 1816 च्या तहानं काय तोडलं आणि काय तोडता आलं नाही ते कुठल्याही संग्रहालयाविना कळतं. आर्न्सडॉर्फची ग्रुबर यांची शाळा तीनेक किलोमीटरवर. तिथे वर मास्तरांच्या खोल्यांचं संग्रहालय आहे आणि खाली अजूनही शाळा भरते. 26 ला नातेवाइकांकडे जाण्याचा दिवस, गाड्या बाहेर निघतात. त्यानंतर नव्या वर्षाच्या आसपास तीन राजांचा वेश केलेली मुलं दारोदार गात फिरतात, चौकटीवर खडूनं साल आणि तीन अक्षरं लिहितात, आणि डब्यात पैसे गोळा करतात. ऑस्ट्रियात ही मोहीम 1954 पासून संघटितपणे चालते आणि जमलेला पैसा आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या कामांना जातो. सणाचा हा उत्तरार्ध पर्यटकांनी जवळपास पूर्ण सोडून दिलेला आहे. 20 ते 24 डिसेंबर गजबजलेला असतो, 27 नंतर स्की न करणाऱ्यांच्या गावांत खोल्या सहज आणि तुलनेनं स्वस्त मिळतात, दुकानं उघडतात, झाडं अजून सजलेली असतात, गाणी अजून चालू असतात. ज्यांना 24 चा एकांत नको त्यांच्यासाठी हा तोडगा उत्तम आहे.

चौथं म्हणणं एखादा चौकस वाचक मांडेलच: ज्या गावानं एका गाण्यावर टपाल कचेरी, कपेल आणि स्मरणसोहळा उभा केला ते बाजारापासून दूर कसं? दूर नाहीच. ओबर्नडॉर्फ आपलं गाणं विकतं, आणि नावाड्यांचा धंदा गेलेल्या गावानं पोटासाठी ते करावं यात वावगं काही नाही. मी हे गाव मुद्दाम निवडलं ते याचसाठी. इतकं प्रसिद्ध, इतकं पर्यटनावर विसंबलेलं गावसुद्धा जर 24 च्या रात्री पाहुण्याला काही विकायचं थांबवत असेल, तर ज्यांना कुणी ओळखत नाही अशा शेकडो गावांबद्दल शंका उरू नये. साल्झाखच्या काठानं वर-खाली अशी गावं कितीतरी आहेत, प्रत्येकात चर्च, दफनभूमी आणि एखादा बँड असतो.

जायचं ठरवलंत तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. डिसेंबरासाठी दिवाळीनंतर धावाधाव करण्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरातच तो करून टाका. परतीचं तिकीट 28 च्या अलीकडचं काढू नका. आणि खानावळीत खोली पक्की करण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: 24 आणि 25 ला तुम्ही स्वतः तिथे असाल का, आणि जेवण मिळेल का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असलं तर किल्ली कुठे ठेवली आहे आणि चूल वापरता येईल का, तेही विचारून घ्या.